तीन वर्षांचे रविवार: २^६७ − १ या संख्येचं प्रकरण

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७.

ही संख्या वाचायला घेतली की आपलं एकं, दहं, शतं अपुरं पडतं. भास्कराचार्यांच्या यादीत अठरा स्थानांना नावं आहेत आणि शेवटचं नाव परार्ध. ही संख्या एकवीस अंकी, म्हणजे परार्धाच्याही डावीकडे आणखी तीन घरं. मोजायचीच झाली तर १,४७५ परार्धांच्या थोडी वर.

सांगायला मात्र ती फार सोपी आहे. ६७ वेळा २ मांडा, सगळ्यांचा गुणाकार करा आणि त्यातून १ वजा करा. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. असे आठ पट पूर्ण भरले आणि वर सात दाणे ठेवले की नेमकी हीच संख्या होते. (पुढे २^६७ असं लिहिलं की ‘२ चा ६७ वा घात’ असं वाचावं.)

प्रश्न एकच होता: ही संख्या मूळ आहे का? आणि मूळ नसेल, तर तिचे अवयव कोणते? पूर्ण उत्तर मिळायला १६४४ ते १९०३, म्हणजे २५९ वर्षं लागली. त्यातली शेवटची २७ वर्षं मला सर्वांत मोलाची वाटतात. त्या काळात अवयव आहेत हे सिद्ध झालेलं होतं, पण ते कोणते हे जगात कुणालाच माहीत नव्हतं.

सुरुवात पॅरिसमधले मठवासी धर्मगुरू मारँ मर्सेन यांच्यापासून होते. त्या काळच्या युरोपातल्या बहुतेक मोठ्या गणितज्ञांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. अशा संख्यांत त्यांना रस असण्याचं कारण म्हणजे परिपूर्ण संख्या. स्वतःला सोडून बाकीच्या सगळ्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच येते, ती परिपूर्ण संख्या: ६ = १ + २ + ३, किंवा २८ = १ + २ + ४ + ७ + १४. २ च्या घातातून १ वजा करून मूळ संख्या मिळाली, तर तिला त्याच्या आधीच्या घाताने गुणलं की परिपूर्ण संख्या तयार होते, हे युक्लिडपासून ठाऊक होतं. ८ − १ = ७ मूळ आहे, म्हणून ४ × ७ = २८ परिपूर्ण. मग २ च्या कोणत्या घातांमधून अशी मूळ संख्या मिळते? मर्सेन यांनी १६४४ साली छापलेल्या ग्रंथात यादीच दिली: २५७ पर्यंतच्या घातांकांत फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७.

या यादीत पुढे पाच चुका निघाल्या. ६७ आणि २५७ तिथे नको होते. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते. ६१ चा घात उरल भागातले रशियन धर्मगुरू पेर्वुशिन यांनी १८८३ मध्ये मूळ ठरवला, आणि तेव्हापासून काही अभ्यासकांचा तर्क असा की मर्सेन यांना ६१ च म्हणायचं होतं, छपाईत ६७ झालं. मला हा तर्क ओढूनताणून आणलेला वाटतो, कारण बाकीच्या तीन चुका त्याने सुटत नाहीत. शिवाय पंधरा-वीस अंकी संख्या मूळ आहे की नाही हे तपासायला सगळा काळ घातला तरी पुरणार नाही, असं मर्सेन यांनी स्वतःच लिहिलेलं आहे. यादी तपासून दिलेली नव्हती हे त्यांनी लपवलं नाही. तिने पुढच्या तीनशे वर्षांच्या गणितज्ञांना काम दिलं, हे तिचं देणं मी मोठं मानतो.

ऑयलर यांनी १७७२ मध्ये २^३१ − १ मूळ असल्याचं दाखवलं. त्यानंतर यादीतली पुढची संख्या आपली.

१८७६ साली फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी एक वेगळीच वाट काढली. तोवर संख्या मूळ आहे का हे पाहायचं म्हणजे एकेका मूळ संख्येने तिला भागून बघायचं. ल्युका यांनी असा निकष दिला की ज्यात भागून बघावंच लागत नाही. पुढे अमेरिकन गणितज्ञ लेमर यांनी त्याला जे सुटसुटीत रूप दिलं ते एका लहान उदाहरणात दिसतं. २^५ − १ = ३१ घ्या. ४ पासून सुरुवात करा आणि दर वेळी वर्ग करून २ वजा करा: ४, मग १४, मग १९४. १९४ ला ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग ६४, वजा २ म्हणजे ६२. ६२ ला ३१ ने पूर्ण भाग गेला, म्हणून ३१ मूळ. घातांक ५ असेल तर हे तीनदा करायचं, म्हणजे घातांकापेक्षा दोनने कमी वेळा. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर संयुक्त.

ल्युका यांनी आपल्या पद्धतीने दोन निकाल दिले. २^१२७ − १ ही ३९ अंकी संख्या मूळ आहे; नुसत्या हाताने सिद्ध झालेली ती आजवरची सर्वांत मोठी मूळ संख्या. आणि २^६७ − १ मूळ नाही.

दुसरा निकाल नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळं प्रकरण तिथेच आहे. निकष सांगतो की संख्येला अवयव आहेत. कोणते, किती मोठे, याबद्दल तो एक अक्षरही बोलत नाही. एखाद्या बंद पेटीत काहीतरी आहे हे वजनावरून कळावं आणि पेटी मात्र उघडू नये, तसं. आपल्याला शाळेपासून सवय असते की ‘९१ मूळ नाही’ म्हणायचं तर ७ × १३ दाखवायचं. इथे दाखवण्यासारखं हातात काही नसताना विधान पूर्णपणे सिद्ध झालेलं होतं.

आता ही पेटी उघडायची कशी? सरळ भागत जायचं तर आज आपल्याला माहीत आहे की लहान अवयव १९ कोटींच्या पुढे आहे. तिथपर्यंत एक कोटीहून अधिक मूळ संख्या आहेत. एका माणसाच्या आयुष्यात हे होणं नाही. पण या संख्येच्या अंगातच काही गुण आहेत आणि ते शोधणाऱ्याला फार मदत करतात.

पहिला गुण असा. तिच्या प्रत्येक अवयवाला १३४ ने, म्हणजे ६७ च्या दुपटीने भागलं की बाकी १ च उरते. फर्मा यांच्या छोट्या प्रमेयातून हे निघतं: एखाद्या मूळ अवयवाने २ चे घात भागत गेलो तर बाकी १ पहिल्यांदा कितव्या घाताला येते, ती पायरी ६७ ची विभाजक असायला हवी. ६७ मूळ, म्हणून ती पायरी ६७ च. त्याच पायरीने अवयव वजा १ ला भाग गेला पाहिजे, आणि अवयव विषम असल्याने १३४ ने जातो.

दुसरा गुण मला याहून सुंदर वाटतो. अवयवाने भागल्यावर २^६७ ची बाकी १ येते, म्हणजे २^६८ ची बाकी २. पण २^६८ हा २^३४ चा वर्ग आहे. म्हणजे त्या अवयवाच्या जगात २ ही संख्या कुणाचा तरी वर्ग आहे! आणि २ ला असं वर्गमूळ फक्त त्याच मूळ संख्यांच्या बाबतीत मिळतं ज्यांना ८ ने भागून बाकी १ किंवा ७ उरते. बाकी ३ आणि ५ असलेले उमेदवार एका फटक्यात बाद.

दोन्ही गुण एकत्र केले, ३, ५ आणि ७ च्या पटीतले उमेदवार वगळले, तरी १९ कोटी ३७ लाखांपर्यंत सुमारे ३ लाख ३० हजार उमेदवार उरतात. ज्यांनी हे अवयव शेवटी काढले त्यांना तीन वर्षांचे रविवार लागले, आणि तीन वर्षांत रविवार येतात १५६. म्हणजे दर रविवारी दोन हजारांहून जास्त तपासण्या, आणि प्रत्येक तपासणी म्हणजे नऊ आकडी संख्यांचे लांबलचक भागाकार. अजून हुशारी हवी होती.

ती कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल (१८६१–१९२६) यांनी दाखवली. त्यांनी अवयव शोधण्याऐवजी दोन्ही अवयवांची अर्धी बेरीज शोधायला घेतली. कोणताही विषम गुणाकार दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता येतो: एक वर्ग अर्ध्या बेरजेचा, दुसरा अर्ध्या वजाबाकीचा. १५ = ३ × ५ = १६ − १, तसंच. ही युक्तीही फर्मा यांचीच. पण नुसती लावली तर १,२१४ कोटी ८० लाखांपासून एकेक आकडा चढत जावं लागतं, आणि खरी अर्धी बेरीज ३८,१०१ कोटींच्या वर होती.

म्हणून चाळणी. दोन्ही अवयवांना प आणि फ म्हणू. प − १ आणि फ − १ या दोघांनाही ६७ ने भाग जातो, तेव्हा त्यांच्या गुणाकाराला ६७ × ६७, म्हणजे ४,४८९ ने भाग जाणारच. तो गुणाकार सोडवून लिहिला तर पफ − (प + फ) + १. आणि पफ + १ म्हणजे तर २^६७! याचा अर्थ, प आणि फ यांतलं काहीही माहीत नसताना, ४,४८९ ने भागल्यावर त्यांच्या बेरजेची बाकी काय येणार हे आपल्याला कळलं: २^६७ ची येते तीच. अर्ध्या बेरजेची बाकी २^६६ इतकी, आणि ती ६७१ येते. मी पहिल्यांदा हे वहीत मांडलं तेव्हा बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिलो होतो. ज्यांना कुणी पाहिलेलं नाही अशा दोन संख्यांच्या बेरजेबद्दल इतकं ठाम काही सांगता यावं, याचा आनंद वेगळाच असतो.

८ च्या बाबतीतही असंच. आपल्या २^६७ − १ ला ८ ने भागून बाकी ७ उरते, म्हणून एका अवयवाची बाकी १ आणि दुसऱ्याची ७ असायला हवी. थोडं आणखी खोलात गेलं की अर्ध्या बेरजेला ८ ने पूर्ण भाग जातो हे मिळतं. ८१, ५, ७ आणि १३ यांच्याही बाकी कोल यांनी ठरवून घेतल्या. हे काम सर्वांत किचकट. ६७ × ६७ × ८ × ८१ × ५ × ७ × १३ एवढा गुणाकार केला की १,३२,३५,३६,७६० येतात. आणि त्यांच्या डिसेंबर १९०३ मध्ये छापलेल्या लेखात अर्धी बेरीज या रूपात येऊन ठेपते:

१,३२,३५,३६,७६० × क + १,१६,०९,३२,३८४

म्हणजे एकेक आकडा तपासण्याऐवजी दर १३२ कोटींमागे एकच. जिथे ३६ हजार कोटींहून जास्त आकडे तपासायचे होते, तिथे क च्या ९ पासून पुढच्या जेमतेम २७९ किमती उरल्या, आणि त्यांनाही आणखी चाळण्या लावता येतात. क = २८७ ला अर्धी बेरीज ३,८१,०१,५९,८२,५०४ येते. तिच्या वर्गातून आपली संख्या वजा केली की पूर्ण वर्ग उरतो, ३,८०,८२,२२,७४,७८३ चा. दोघांची वजाबाकी आणि बेरीज हेच ते दोन अवयव:

१९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७

३१ ऑक्टोबर १९०३ रोजी न्यू यॉर्कमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत कोल यांनी हा शोध मांडला. ते स्वतः सोसायटीचे सचिव होते. त्या दिवसाची गोष्ट गणितज्ञ आणि लेखक एरिक टेंपल बेल यांनी सांगितली आणि ती जगभर झाली. कोल फळ्यापाशी गेले, न बोलता २ चा ६७ वा घात काढला, १ वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या भागात जाऊन दोन संख्यांचा गुणाकार हाताने केला. दोन्ही उत्तरं जुळली. ते एक शब्दही न बोलता जागेवर जाऊन बसले आणि सभागृहात टाळ्या वाजल्या. पुढे १९११ साली बेल यांनी त्यांना विचारलं, किती वेळ लागला? उत्तर आलं: तीन वर्षांचे रविवार.

बेल यांनी ही गोष्ट छापली ती जवळजवळ अर्ध्या शतकाने, आणि गोष्टी रंगवून सांगण्याबद्दल ते प्रसिद्ध होते. त्यामुळे टाळ्या किती वाजल्या यावर मी पैज लावणार नाही. ही गोष्ट ज्या तऱ्हेने सांगितली जाते त्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. सांगणारे फळ्यावरच्या गुणाकारापाशी थांबतात. तो गुणाकार कोणीही चौथी-पाचवीतला चिकाटीचा मुलगा किंवा मुलगी करू शकेल. कोल यांची खरी कमाई त्या चार पानी लेखात आहे, जिथे छत्तीस हजार कोटी घरांची वस्ती चाळून चाळून २७९ घरांवर आणली आहे.

तो गुणाकार करून बघावा असं मात्र मी प्रत्येकाला सांगेन. चौकटीची वही घ्या, हातचे वर लिहीत जा. मग ताळा पाहा. नवाचा ताळा: पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसऱ्याची ६४, म्हणजे १०, म्हणजे १. एके एक एक. उत्तराच्या एकवीस अंकांची बेरीज १०९, म्हणजे १०, म्हणजे १. जुळला. नवाच्या ताळ्याला अंकांची अदलाबदल कळत नाही, म्हणून अकराचाही पाहावा. उजवीकडून एक अंक मिळवत, एक वजा करत जायचं. पहिल्या अवयवाची बाकी ९ येते, दुसऱ्याची ८. त्यांचा गुणाकार ७२, त्याला अकराने भागून ६. उत्तराचीही ६.

एकवीस अंक न लिहिताही लहान अवयव तपासता येतो, आणि ही वाट मला जास्त आवडते. २^२७ म्हणजे १३,४२,१७,७२८. इथून दुप्पट करत जायचं आणि १९,३७,०७,७२१ च्या वर गेलं की तेवढे वजा करायचे. मिळणाऱ्या बाकी अशा: ७,४७,२७,७३५, १४,९४,५५,४७०, १०,५२,०३,२१९, १,६६,९८,७१७, ३,३३,९७,४३४, ६,६७,९४,८६८, १३,३५,८९,७३६. सातव्या पायरीला २^३४ झाला. ही शेवटची बाकी भाजकापेक्षा ६,०१,१७,९८५ ने कमी आहे, तेव्हा वर्ग करायला ही लहान संख्याच घेऊ. तिचा वर्ग ३,६१,४१,७२,१२,०४,६०,२२५. त्याला १९,३७,०७,७२१ ने भागा. भागाकार १,८६,५७,८६३ आणि बाकी २. वर सांगितलेला दुसरा गुण इथे डोळ्यांसमोर उभा राहतो: २ ला वर्गमूळ आहे, आणि ते हे. २^६८ ची बाकी २, म्हणून २^६७ ची १, म्हणून आपल्या संख्येची शून्य.

आज साधा संगणक हे अवयव डोळ्याचं पातं लवायच्या आत काढतो. ल्युका आणि कोल यांच्या मधली दरी मात्र बुजलेली नाही. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायची खात्रीची आणि जलद रीत २००२ साली आयआयटी कानपूरमधल्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. तीही ल्युका यांच्या निकषासारखीच ‘अवयव आहेत’ एवढंच सांगते, ते हातात देत नाही. अवयव पाडण्याची तितकी जलद रीत आजच्या संगणकांसाठी कुणाला सापडलेली नाही. त्याच अडचणीवर संदेश गुप्त ठेवणाऱ्या आरएसए पद्धतीची कुलपं उभी आहेत. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार जाहीर करायचा आणि त्या दोन संख्या गुप्त ठेवायच्या. मुद्दाम आव्हान म्हणून दिलेल्या अशा एका २५० अंकी संख्येचे अवयव २०२० मध्ये पाडले गेले, तेही असंख्य संगणकांना कामाला लावून. रोजच्या वापरातल्या किल्ल्या साधारण ६१७ अंकी असतात.

कोल यांच्या संख्येची सख्खी बहीण म्हणावी अशीही एक आहे: २^१२७७ − १. ती ३८५ अंकी आहे. ल्युका यांचा निकष तिला लावून झाला आहे, ती संयुक्त आहे हे पक्कं ठाऊक आहे, आणि तिचा एकही अवयव अजून कुणाला सापडलेला नाही. तिच्या प्रत्येक अवयवाला २,५५४ ने भागून बाकी १ उरेल, आणि ८ ने भागून १ किंवा ७.